शत्रूमास्तरांचा फळा

माणसाचं चित्र काढायचं म्हटलं की आपण डोक्यापासून सुरुवात करतो. आधी एक गोल, त्यात दोन डोळे, मग खाली जमेल तसं धड. मास्तर पायांपासून सुरुवात करत. फळ्याच्या तळाशी आधी चपला उमटायच्या, मग घोटे, मग पँटची दुमड किंवा साडीचा काठ, आणि तोंड सगळ्यांत शेवटी. अंबरनाथ पूर्वेला आमच्या वाचनालयाबाहेर सकाळी आठच्या सुमाराला ते फळ्यासमोर उकिडवे बसले, की येणारेजाणारे थबकत आणि नुसत्या पायांवरून ओळखायची पैज लावत. बहुतेकांना गुडघ्यापर्यंत आल्यावर कळायचं. "तोंडाला माणूस शिकवून ठेवतो," मास्तर म्हणत. "पायांना कोण शिकवतो?"

मला त्यांनी आठवीत चित्रकला शिकवली होती. म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. माझा माठ कधी सरळ उभा राहिला नाही. वह्या तपासताना त्यांनी माझ्या चित्राखाली शेरा दिला होता, "माठ गळतो आहे. खाली भांडं ठेवावं." पुढे मी याच भागातल्या वाचनालयात ग्रंथपाल झाले आणि ते निवृत्त होऊन रोज पेपर वाचायला येऊ लागले. तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय गो, माठ आता तरी राहतो का उभा?" जन्माने ते वांगणीच्या पलीकडल्या एका गावातले आगरी. शाळेत त्यांचं मराठी अगदी क्रमिक पुस्तकातलं. पण मनाजवळचं काही बोलायचं झालं की गावची बोली वर यायची. ती आली की समोरच्याने समजावं, आता मास्तर खरं बोलताहेत.

वाचनालयाबाहेरचा तो फळा आधी नवीन पुस्तकांची नावं आणि निधनाच्या वार्ता लिहिण्यासाठी होता. त्यावर चित्र यायला लागलं ते सीमेवर ताण होता त्या उन्हाळ्यात. बातम्यांच्या वाहिन्या दिवसभर ओरडत होत्या. एका संध्याकाळी सरावाचा भोंगा वाजला, दिवे घालवायला सांगितलं, आणि त्यानंतर आमच्या भागातल्या लोकांच्या डोक्यातले दिवे काही परत लागले नाहीत. बारवी धरणावर ड्रोन दिसला, त्याने पाण्यात विष टाकलं म्हणे. तो बदलापूरच्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण तोवर निम्म्या लोकांनी नळाचं पाणी पिणं सोडलं होतं. वांगणीच्या कुठल्याशा फार्महाऊसवर शत्रूचे सैनिक हवाई छत्रीने उतरलेत आणि तिथे स्वयंपाकाला बाई शोधताहेत, अशीही बातमी आली. स्वयंपाकाची बाई शोधणारं सैन्य म्हटल्यावर कुणाला तरी हसू यायला हवं होतं. कुणालाच आलं नाही.

मास्तर मात्र हे सगळं मन लावून ऐकत. कुणी मोबाइल पुढे करून "सर, हे बघितलंत का?" म्हटलं, की चष्मा वर करून पूर्ण वाचत आणि विचारत, "हे तुला कुणी पाठवलं?" मग, "त्याला कुणी?" तिसऱ्या प्रश्नाला समोरचा वैतागून निघून जायचा. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "फळ्यावर आज कुणी वारलेलं नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग मला दे."

त्या दिवशी फळ्यावर पहिल्यांदा शत्रू उतरला. बूट मोठे, मिशा त्याहून मोठ्या, गणवेश कुठल्याच देशाचा नाही. त्याची छत्री दोन इमारतींमधल्या वायरींच्या जंजाळात अडकलेली, आणि तो मधोमध लोंबकळतोय. वरच्या बाल्कनीतून एक बाई वाकून त्याला सांगतेय, "लोंबकळलाच आहेस तर तेवढी आमची केबल बघ रे, तीन दिवस चित्र येत नाही." अर्ध्या तासात फळ्यापुढे गर्दी झाली. लोक हसत होते. किती दिवसांनी हसत होते! भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या एका बाईंनी मला सांगितलं, "आज बरं वाटलं हो."

मग तो शत्रू रोज यायला लागला. वांगणीला उतरला, तर घरं विकणाऱ्या एजंटने त्याला गाठलं, "साहेब, जमीन जिंकता कशाला? बुकिंग करा. स्टेशनपासून पाच मिनिटं." दुसऱ्या दिवशीच्या चित्रात शत्रू उन्हातून चालतोय, जीभ बाहेर, आणि बांधावरच्या म्हशीला विचारतोय, "ही पाच मिनिटं कधी संपतात?" एकदा तो कुठल्याशा सरकारी खिडकीवर आक्रमणाची परवानगी मागायला गेला, तर आतून आवाज आला, "अर्ज तीन प्रतींत. आणि राहण्याचा पुरावा?" उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्याने आपला फाटका गणवेश शिवायला टाकला, तर शिंप्याने तसेच बारा गणवेश शिवून दुकानाबाहेर टांगले. लोक फोटो काढून एकमेकांना पाठवू लागले. 'शत्रूमास्तर' हे नाव तेव्हाच पडलं. मास्तरांना ते आवडलं असावं, कारण पोरांनी हाक मारली की ते कडक सलाम ठोकत.

या हसण्याला त्यांनी स्वतःच एक कुंपण घातलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा सैन्यात होता, त्याच सीमेवर. एका सकाळी त्या फळ्याशी आल्या, चित्र पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, माझा पोरगा तिकडे आहे. चार दिवस फोन नाही. तुम्ही हसवता, लोक हसतात. मी काय करू?" मास्तर उठले. चित्र निम्मंच झालं होतं. ते त्यांनी आपल्या हाताने पुसलं आणि त्या बाईंबरोबर त्यांच्या घरी जाऊन बसले. मुलाचा फोन येईपर्यंत पुढचे दोन दिवस ते रोज जात होते. नंतर मला म्हणाले, "तिची भीती खरी आहे. खऱ्या भीतीपाशी जाऊन बसायचं असतं. हसायचं ते इथल्या बाजारातल्या भीतीला. ती विकत आणलेली असते."

हेच त्यांना वेगळ्या शब्दांत आणखी एकाने सांगितलं होतं. कॅम्प दोनमध्ये कपड्यांवर भरतकाम करून देणारा एक कारखाना होता. त्याचे सिंधी मालक मास्तरांचे जुने स्नेही. मास्तर त्यांना 'शेठ' म्हणत आणि ते मास्तरांना 'साईं'. शेठ रोज फोन करून चित्राचा फोटो मागवत आणि फोनवरच खदखदून हसत. पण एकदा वाचनालयात आले तेव्हा म्हणाले, "साईं, हमारे बाप लोग सचमुच घर छोड़के भागे थे. इधर बराकीत राहिले. डर क्या होता है, ते आम्हाला ठाऊक आहे. डर पे हँसो, पण डरलेल्या माणसावर नको." मास्तरांनी मान डोलावली होती. ही दोन माणसं एकमेकांची भाषा अर्धीअर्धी बोलत आणि एकमेकांना पूर्ण समजत.

आता मला माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. नितीन माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून मीच त्याचं सगळं केलं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला लागला, मित्र जमले, मोटरसायकल आली. मनाने वाईट नाही. त्या उन्हाळ्यात मात्र तो दिवसभर मोबाइल बघायचा आणि जेवताना सांगायचा, "ताई, तुला काही माहीत नाही. ते लोक आत शिरलेत." कोण लोक, ते त्यालाही सांगता येत नसे. मास्तरांच्या चित्रांना तोही हसायचा. वाचनालयात मला डबा द्यायला यायचा तेव्हा फळ्यासमोर उभा राहून हसायचा आणि वर येऊन तेच पुन्हा सांगायचा.

एका रविवारी दुपारी तो आणि त्याचे मित्र वांगणीला एकाच्या प्लॉटवर गेले होते. त्याच दुपारी तिथल्या नव्या इमारतींपाशी एक माणूस मोबाइलवर इमारतींचे फोटो काढताना लोकांना दिसला. कुणीतरी हटकलं. त्याला उत्तर देता येईना. तो अडखळत बोलणारा होता, लहानपणापासून. घाबरला की शब्द आणखी अडकत. बोलत नाही म्हणजे लपवतोय, असं कुणीतरी म्हणालं. हेर आहे, असं दुसऱ्याने म्हटलं. मग गर्दी झाली. तो शेठच्याच कारखान्यातला भरतकामाचा कारागीर होता. तिकडे त्याने एक खोली भाड्याने बघितली होती, आणि गावाकडे बायकोला दाखवायला फोटो काढत होता.

त्या मारहाणीचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. 'पकडला' एवढंच त्यावर लिहिलेलं. घेणाऱ्याचा हात खाली होता, त्यामुळे तोंडं कुणाचीच दिसत नव्हती. नुसते पाय. मीही तो पाहिला, चटकन बंद केला. नितीन त्या दिवशी जेवला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. मी बाम दिला.

सोमवारी शेठचा फोन आला आणि मास्तर मला म्हणाले, "चल." उल्हासनगरला एका दवाखान्यात तो माणूस पडून होता. ओठ फाटलेले, कानाला पट्टी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या कानाने पुन्हा ऐकू येईल याची खात्री नाही. मास्तर त्याच्या खाटेशी स्टुलावर बसले. त्याने बोलायला सुरुवात केली. शब्द अडकला. शेठ मदतीला म्हणून तो शब्द पुरा करायला गेले, तर मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या माणसाला एक वाक्य बोलायला बराच वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो.

"मैं ब... बता रहा था, साहब," तो म्हणाला. "उन लोगों के पास टा... टाइम नहीं था."

बाहेर आल्यावर आम्ही रिक्षाने परतलो. उतरताना मास्तर म्हणाले, "पानी विषारी झालं, पानी विषारी झालं म्हणून सगली बोंबलत व्हती. पानी बरं हाय गो." आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा चित्र पूर्ण झालं होतं. कधी नव्हे ते त्यांनी रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून आणले होते. तसा खडू वाळला की सहज पुसला जात नाही. फळ्यावर नुसते पाय होते. वीस-बावीस जणांचे, गोल करून उभे. मध्ये जमिनीवर एक हात, उघड्या तळव्याचा, आणि शेजारी पडलेला मोबाइल. एका कोपऱ्यात तो नेहमीचा मिशाळ शत्रू आपली छत्री घडी घालत होता आणि म्हणत होता, "चला परत. इथलं आपलं काम हेच लोक करताहेत."

मी ते पाय पाहिले. बूट, चपला, एका पायात मोजा. आणि डावीकडून चौथी, निळ्या पट्ट्याची सँडल. तिचा पट्टा मागच्या महिन्यात तुटला होता आणि नितीनने तो घरातल्या केशरी दोऱ्याने आडवातिडवा शिवला होता. मास्तरांनी तो केशरी दोरासुद्धा काढला होता, टाक्यांसकट. व्हिडिओतही तो दोरा होता, मला दिसला नव्हता एवढंच.

मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. हात खडूने भरलेले. त्यांनी हळूच विचारलं, "ओळखू आलं का कुणी?"

"नाही, सर," मी म्हणाले. "नुसते पाय तर आहेत."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. शाळेत उत्तर येत नसलेल्या मुलीकडे बघत, तसं नव्हे. उत्तर येत असलेल्या मुलीकडे बघत, तसं. मग म्हणाले, "बरं." आणि हात धुवायला गेले.

त्या दिवशी फळ्यापुढे गर्दी झाली, पण हसलं कुणी नाही. लोक येत, बघत, आपल्या पायांकडे बघत आणि जात. दहानंतर कुजबुज सुरू झाली. माणसं आपले पाय ओळखत होती. ज्यांचे नव्हते तेही चिडले होते. आपल्याच लोकांना नावं ठेवतो, शत्रूला बरा म्हणतो, असं एकजण मोठ्याने बोलला. बाराच्या सुमाराला आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. संध्याकाळी काही मुलं जाब विचारायला येणार आहेत, म्हणाले. काय करायचं ते आपण बसून ठरवू. पुसा असं ते म्हणाले नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर कित्येक महिने मी स्वतःला सांगत राहिले की त्यांनी तसं सांगितलं होतं.

दुपारी मास्तर जेवायला गेले. मी बादली आणि फडका घेऊन बाहेर आले आणि फळा पुसला. साखरेचा खडू निघत नव्हता. तीनदा पाणी बदलावं लागलं. डावीकडून चौथ्या पायापासून मी सुरुवात केली. वाचनालयाला त्रास नको, सरांना त्रास नको, पुस्तकांना कुणी हात लावायला नको, असं मनाशी घोकत घासत होते. यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त खरं कारण त्यात नव्हतं.

संध्याकाळी दहा-बारा मुलं आली. त्यांच्यात नितीन नव्हता. फळ्यावर काही उरलं नव्हतं म्हणून त्यांनी लेखी माफी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "देऊन टाकू मास्तर, चार ओळी. विषय संपेल." त्या चार ओळी मीच संगणकावर टाइप केल्या. 'माझ्या चित्रामुळे नागरिकांच्या भावना दुखावल्या.' मास्तरांनी त्या वाचल्या, 'नागरिकांच्या' मधला चुकलेला अनुस्वार पेनाने दुरुस्त केला आणि सही केली. सही करताना विचारलं, "फळा कुणी पुसला?"

"मी, सर. उगाच वाढायला नको म्हणून."

"चांगला पुसलास," ते म्हणाले. "कोपरे पण सोडले नाहीस."

त्यात टोमणा नव्हता. चांगली वही तपासावी तसं ते म्हणाले होते. म्हणूनच ते वाक्य अजून मला सोडत नाही. खडूचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने कळलं की अंबरनाथची खोली बंद करून ते गावी राहायला गेले. तिथे त्यांच्या पुतण्याचं घर होतं.

ताण निवळला. शत्रू आला नाही. लोकांनी साठवलेला तांदूळ हळूहळू संपवला. तो व्हिडिओ मोबाइलवरून गेला आणि त्याच्या जागी दुसरे आले. त्या कारागिराने तक्रार पुढे नेली नाही. ज्या गावात काम करायचं तिथे वैर नको, असं तो शेठना म्हणाल्याचं कानावर आलं. फळ्यावर आमच्या समितीने रोज एक सुविचार लिहायचं ठरवलं. ते काम माझ्याकडे आलं. मी लिहीत होते. सत्य, धैर्य, सहिष्णुता. अक्षर माझं बरं आहे.

नितीनशी मी काही बोलले नाही. त्या सँडल एके दिवशी दारातून दिसेनाशा झाल्या. त्याने टाकल्या की लपवल्या, मी विचारलं नाही. आम्ही एका घरात राहत होतो, एकाच कुकरमधला भात खात होतो, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक आहे. मास्तरांकडे जायचं रोज मनात यायचं. वांगणी काही परदेश नव्हे. या रविवारी, पुढच्या रविवारी, परीक्षा झाल्या की, गणपती झाले की, असं करत मी ते पुढे ढकललं. तिथे गेले तर काय बोलावं लागेल हे मला माहीत होतं; आणि ते न बोलता परत येण्याइतकी निर्लज्ज मी नव्हते. म्हणून गेलेच नाही.

अकरा महिन्यांनी शेठचा फोन आला. "बहन, साईं की तबीयत ठीक नाही. एकदा जाऊन ये." त्याच दिवशी रजा टाकली.

मास्तर ओटीवर खाटेवर होते. फार बारीक झाले होते. उजवा हात चादरीवर तसाच पडून होता. अर्धांगाचा झटका त्याच बाजूला आला होता. मला बघून डोळे हसले. पुतण्याच्या बायकोने चहा आणला. वाचनालयात नवीन काय, छपराची गळती थांबली का, असं त्यांनी विचारलं. मी उत्तरं दिली. शेवटी मी म्हणाले, "सर, त्या चित्रात माझा भाऊ होता."

"व्हता," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझा डबा घेऊन यायचा ना तो. पाय बघायची सवय मना."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. पण शब्द स्वच्छ होते. "इचारलं व्हतं तुला. तू नाय बोललीस."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग मी विचारलं, "आणि माफीवर सही? ती का केलीत? तुम्ही कुणाला घाबरणारे नव्हतात."

"सही नसती केली तर पोरांनी विषय वाढवला असता. कुणाकुणाचे पाय, ते शोधत बसली असती. तुझ्या घरापर्यंत गेलं असतं." ते दम घ्यायला थांबले. "मी वाट बघत व्हतो गो. म्हटलं, हिला दोन दिवस लागतील, चार दिवस लागतील. मग येल."

"आले असते तर काय केलं असतं, सर?"

"काय करायचं? तिघं गेलो असतो त्या मानसाकडं. तू, मी नि तुझा भाऊ. भाऊ त्याच्या समोर बसला असता. त्यानं त्याचं बोलनं पुरं केलं असतं, आपन ऐकलं असतं." त्यांनी डोळे मिटले. "एवढंच करायचं व्हतं. चित्र काय, तेवढ्यासाठीच काढलं व्हतं."

निघताना मी त्यांच्या पायांना हात लावला. ते म्हणाले, "माठ सरळ काढायला शीक," आणि हसले, म्हणजे अर्धा चेहरा हसला. मी पुढच्या रविवारी नितीनला घेऊन येते, असं सांगून निघाले. गुरुवारी पुतण्याचा फोन आला.

अंत्ययात्रेला अंबरनाथहून बरीच माणसं आली होती. सीमेवरच्या त्या जवानाची आई आली होती. जाब विचारायला आलेल्या मुलांतले दोघे-तिघेही होते. त्यांनी खांदा दिला. सगळे मास्तरांच्या गमती सांगत होते, वायरीत लोंबकळणारा शत्रू, पाच मिनिटं विचारणारा शत्रू. त्या शेवटच्या चित्राचं नाव कुणी काढलं नाही. त्याचा फोटोही कुणाकडे नव्हता. सकाळी काढला असेल त्यानेही पुसून टाकला असावा. शेठ एका बाजूला दगडावर बसून रुमालाने डोळे पुसत होते.

त्याच संध्याकाळी घरी मी नितीनला सगळं सांगितलं. दवाखान्यापासून ओटीवरच्या खाटेपर्यंत. मधेच तो उठून पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. शेवटी एवढंच म्हणाला, "मी दोनदाच मारलं, ताई." आणि मग, "दोनदा म्हणजे काय कमी नाही." रविवारी सकाळी त्याने शेठच्या कारखान्याचा पत्ता मागितला. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाला.

दुपारी तो परत आला. दारातच बसला, चप्पलसुद्धा काढली नाही. शेठ भेटले होते, त्यांनी चहा पाजला होता. तो कारागीर दिवाळीच्या आधीच काम सोडून गेला होता. यंत्रांच्या आवाजात एका कानाने त्याला काम जमेना. हाक ऐकू यायची नाही आणि इतर चिडायचे. बायकोच्या गावी गेला की आणखी कुठे, शेठना माहीत नव्हतं. दिलेला नंबर लागत नव्हता. नितीनने शेठसमोरच तो चार वेळा लावून पाहिला होता.

"मी माफी मागायला गेलो होतो, ताई," तो म्हणाला. "आता कुणाकडे मागू?"

मास्तर असते तर मी त्याला त्यांच्याकडे पाठवलं असतं.